किनाऱ्यावर ऐकू न येणारा गोंगाट

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर उभे राहिले, तर सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांच्या इंजिनांचा फारसा त्रास होत नाही. समुद्राची गाज, माणसांची वर्दळ, मासळीच्या लिलावाचा कलकलाट यांत तो आवाज विरून जातो. गावात कोणी रात्री दहानंतर लाऊडस्पीकर वाजवला, तर पोलिसांकडे तक्रार करता येते, कारण त्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. इस्पितळ आणि शाळा यांच्याभोवती शंभर मीटरचा शांतता पट्टा आखण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. पण ते नियम हवेतल्या आवाजाचे आहेत. पाण्याखालच्या आवाजाला त्यांत जागा नाही. ज्या समुद्रात महाराष्ट्राने १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर केले, त्या २९ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाण्याखाली किती आवाज असावा, याबद्दल हे नियम काही सांगत नाहीत. पर्यटनाचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो नीट विचारायचा तर आवाज पाण्यात कसा वागतो हे आधी समजून घ्यावे लागेल.

मालवणच्या उन्हाळी हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. त्याच किनाऱ्यावरच्या कोमट खाऱ्या पाण्यात तो सुमारे १५४० मीटर जातो, म्हणजे चौपटीहूनही अधिक वेगाने. पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून अधिक दाट असते, त्यामुळे त्यात आवाज रखडेल असे पुष्कळांना वाटते. दाटपणाने वेग कमी होतो हे खरेच आहे. पण दाबले जाण्याला पाणी करते तो विरोध हवेच्या विरोधापेक्षा सुमारे सोळा हजार पट असतो. एका थराला धक्का बसला की तो दबून न राहता लगेच पुढच्या थराला धक्का देतो. सोळा हजारांना आठशे-साडेआठशेने भागून वर्गमूळ काढले की उत्तर चारच्या थोडे वर येते. हा वेग माणसाने पहिल्यांदा चांगला मोजला तो १८२६ साली, जिनिव्हाच्या सरोवरात. कोलादाँ आणि स्टुर्म या दोघांनी एका नावेवरून पाण्यात बुडवलेली घंटा वाजवली, त्याच क्षणी दारूचा भडका उडवला आणि दूरच्या दुसऱ्या नावेवर भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजला. आठ अंशांच्या त्या थंड गोड्या पाण्यात वेग भरला सेकंदाला १४३५ मीटर. आजच्या मोजमापांशी तो जवळजवळ जुळतो.

वेगापेक्षाही महत्त्वाचे आहे ते आवाजाचे टिकणे. एक हजार हर्ट्झचा, म्हणजे शिट्टीपेक्षा थोडा खालच्या पट्टीतला आवाज समुद्रात एक किलोमीटर गेला, तरी पाण्यात शोषला गेल्यामुळे एक डेसिबलचा दहावा हिस्साही गमावत नाही. हवेत तो त्याच अंतरात पाचेक डेसिबल गमावतो. उजेडाचे नेमके उलट आहे. कर्ली नदीचा गाळ येऊन मिळतो त्या देवबाग-तारकर्लीच्या पाण्यात काही मीटरांपुढचे दिसत नाही. म्हणून या पाण्यात राहणाऱ्या जिवांनी जग पाहण्याचे काम कानांवर सोपवले आहे.

मग हा सगळा आवाज आपल्याला किनाऱ्यावर ऐकू का येत नाही? कारण पाण्याचा पृष्ठभाग. हवा आणि पाणी ही दोन माध्यमे ध्वनीच्या दृष्टीने इतकी विजोड आहेत, की पृष्ठभागावर आदळलेल्या आवाजाच्या शक्तीतला जेमतेम हजारावा भाग पलीकडे जातो आणि बाकीचा परत फिरतो. वरून येणाऱ्या आवाजाला तर एक अट आणखी असते. तो उभ्या रेषेच्या साधारण तेरा अंशांच्या आत आला तरच पाण्यात शिरतो. किनाऱ्यावर ढोल वाजले म्हणून खडकातल्या माशाला त्रास होत नाही तो यामुळेच. होडीचे इंजिन मात्र हवेतून पाण्यात जात नाही. त्याची थरथर होडीच्या तळातून सरळ पाण्यात उतरते आणि पंखा तर पाण्यातच फिरत असतो. म्हणजे एकाच होडीचे दोन आवाज आहेत. हवेतला आपण ऐकतो आणि त्यावरून मत बनवतो. पाण्यातला त्याहून फार दूर जातो आणि पृष्ठभागाच्या खालीच कोंडून राहतो.

माणसाच्या शरीरातही ही हवा-पाण्याची वेस आहे. आतल्या कानात द्रव असतो आणि बाहेरून येतो तो हवेतला आवाज. कानाचा मोठा पडदा आणि मधल्या कानातली तीन इवली हाडे तो आवाज एका छोट्या खिडकीवर एकवटतात, म्हणून पृष्ठभागावर जे हरवते त्यातले बरेचसे आपल्याला परत मिळते. ही रचना हवेसाठी आहे. माणूस पाण्यात उतरला की ती निरुपयोगी होते. आवाज मग कवटीच्या हाडांतून आत शिरतो आणि दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच पोचतो.

यात मालवणला थेट धोका आहे, आणि त्यावर पुरेसे बोलले जात नाही. हवेत आपण आवाजाची दिशा ओळखतो ती मुख्यतः दोन कानांना आवाज पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून. कानांतले अंतर वीस सेंटिमीटर धरले, तर बाजूने आलेला आवाज एका कानाकडून दुसऱ्याकडे जायला सेकंदाचा साधारण सतराशेवा भाग घेतो. एवढा फरक मेंदूला पुरतो. पाण्यात हाच फरक सेकंदाच्या साडेसात हजाराव्या भागाच्याही खाली जातो, आणि हाडांतून जाणारा आवाज उरलासुरला फरकही पुसून टाकतो. पाण्याखालच्या माणसाला होडी ऐकू येते, अगदी स्पष्ट येते, पण आवाज खंयसून येता हेच कळत नाही. चहूबाजूंनी, किंवा डोक्याच्या आतूनच आवाज येतोय असे वाटते. होडी जवळ आहे की लांब, याचाही अंदाज चुकतो, कारण पाण्यात लांबचा आवाजही जवळचा भासतो.

किल्ल्याभोवतीच्या खडकांवर स्कूबा करायला येणारे बहुतेक लोक आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याखाली उतरत असतात. पुष्कळांना पोहताही येत नाही. त्यांना धरून नेणारी इथली मुले तरबेज आहेत. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही उभी आहे. पण कितीही तरबेज माणूस असला, तरी त्याचे कान पाण्यात दिशा सांगत नाहीत. सरावाने त्यात थोडाच फरक पडतो. ताशी ३६ किलोमीटरने येणारी बोट सेकंदाला दहा मीटर कापते. स्नॉर्केलिंग करणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकून डोके वर काढले आणि बोट पन्नास मीटरवर असली, तर त्याच्या हातात पाच सेकंद आहेत, आणि त्यातली पहिली दोन कुठे बघायचे हे ठरवण्यात जातात. जिथे माणसे पाण्यात आहेत तिथे बोटीने आपला वेग कमी करायचा असतो. पाण्यातल्या माणसाने आवाज ऐकून बाजूला व्हावे ही अपेक्षाच शरीररचनेच्या विरुद्ध आहे. पॅरासेलिंगच्या बोटी, जेट स्की आणि स्कूबाची जागा यांच्यात अंतर राखण्याचे सगळ्यांत भक्कम कारण हेच आहे. प्रत्येक बोटचालकाच्या प्रशिक्षणात ते पहिल्या दिवशी सांगितले गेले पाहिजे.

गाद्याचे म्हणजे डॉल्फिनचे तसे नाही. देवबाग, भोगवे, निवतीच्या समोर जे डॉल्फिन दिसतात, ते मुख्यतः हंपबॅक जातीचे. ही जात किनाऱ्याला धरून, उथळ पाण्यात राहते. जगभरच्या यादीत ती संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे. त्याच पाण्यात पाठीवर पर नसलेला, लाजरा भुलगाही असतो. या प्राण्यांच्या कपाळात चरबीचा गोळा असतो आणि त्यातून आवाज पाण्यात जवळजवळ विनाअडथळा उतरतो. परत आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातल्या चरबीच्या नळीतून कानापर्यंत जातो. कानाची हाडे कवटीला घट्ट जोडलेली नसतात. त्यांच्याभोवती हवेचे आणि फेसाळ पोकळ्यांचे वेष्टन असते, म्हणून कवटीतून भरकटत येणारा आवाज बाहेरच अडतो आणि दोन कान खरोखर दोन राहतात. माणसाच्या डोक्यात जे साधले नाही ते इथे साधले आहे. भुलगा सुमारे १ लाख ३० हजार हर्ट्झचे टिकटिक आवाज काढतो. एवढ्या वरच्या पट्टीत लहरीची लांबी पाण्यात जेमतेम सव्वा सेंटिमीटर असते, म्हणूनच गढूळ पाण्यात त्याला बारीक मासाही ‘दिसतो’. आपसातल्या हाका, पिलाला बोलावणे यांसाठी डॉल्फिन खालच्या पट्टीतल्या शिट्ट्या वापरतात, आणि आऊटबोर्ड इंजिनाचा गोंगाट नेमका त्या पट्टीवर पसरतो.

कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांनी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पात या प्राण्यांचा अभ्यास केला. मच्छीमारांशीही ते बोलले. गादा जाळी फाडतो, जाळ्यातली मासळी पळवतो, ही मच्छीमारांची तक्रार त्या बोलण्यात आली. ती खरी आहे आणि तिला भरपाईच्या भाषेत उत्तर मिळायला हवे. पण त्याच गाद्याच्या भरवशावर आज डॉल्फिन दाखवण्याच्या फेऱ्या चालतात. एक कळप दिसला की चार बोटी चारी बाजूंनी त्याच्याकडे धावतात. पर्यटकाला पाठीवरचा पर पाण्यावर येताना दिसतो, खाली काय होते ते दिसत नाही. तिथे चार इंजिनांच्या मध्ये सापडलेल्या आईला पिलाची हाक ऐकायची असते. कुणकेश्वरसमोर २०१५ साली निळा देवमासा आणि त्याचे पिलू दिसले होते. शेजारी गोव्यात ग्रांडे बेटाजवळ २०१७ साली पाण्याखालच्या यंत्रांनी हंपबॅक देवमाशाचे गाणे टिपले. हा समुद्र रिकामा नाही.

खडकातल्या समुद्रात मुळात शांतता नसते, हेही सांगितले पाहिजे. स्कूबा करणाऱ्याला सतत तडतड ऐकू येते, तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. ती इवल्या कोळंबीच्या नांगीची करामत असते. नांगी मिटताना पाण्याचा इतका वेगवान झोत सुटतो, की त्यात एक पोकळ बुडबुडा तयार होतो आणि लगेच कोसळतो. आवाज नांगी आपटल्याचा नसून बुडबुडा कोसळल्याचा असतो, हे २००० साली अतिवेगवान चित्रीकरणातून दिसून आले. पावसाचा पाण्याखालचा आवाजही असाच. रिमझिम पावसाचा बारीक थेंब पृष्ठभागावर पडताना हवेचा एक सूक्ष्म बुडबुडा पाण्यात ओढून नेतो आणि तो बुडबुडा सुमारे पंधरा हजार हर्ट्झवर किणकिणतो. घोळ, ढोमे यांच्या जातीचे मासेही पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीचे स्नायू थरथरवून घुमतात, विशेषतः विणीच्या हंगामात आणि संध्याकाळी. घोळीची हीच पिशवी, म्हणजे भोत, बाजारात सोन्याच्या भावाने विकली जाते. २०२१ च्या ऑगस्टअखेर पालघरच्या मुरबे गावातल्या मच्छीमारांना दीडशेहून अधिक घोळी एकाच खेपेला मिळाल्या आणि त्यांचे एक कोटीहून जास्त रुपये झाले. फिश फाइंडरच्या पडद्यावर मासळी उमटते तीही मुख्यतः या पिशवीमुळे. माशाचे मांस ध्वनीच्या दृष्टीने पाण्यासारखेच असते. प्रतिध्वनी येतो तो आतल्या हवेवरून. मोरीला, म्हणजे शार्कला, ही पिशवी नसते, म्हणून तिची खूण फिकी उमटते.

पाण्यात आवाज करायचा तर हवा किंवा पोकळी हवी, असे जणू समुद्राचे सूत्रच आहे. होडीचा पंखाही याच सूत्राने गर्जतो. तो एका मर्यादेपलीकडे वेगाने फिरला, की पात्यांच्या मागे पाणी फाटते, हजारो पोकळ बुडबुडे तयार होतात आणि कोसळतात. वेगवान बोटीच्या गोंगाटातला मोठा वाटा या बुडबुड्यांचा असतो. म्हणूनच उपाय अवघड नाही. वेग कमी केला की बुडबुडे कमी होतात आणि आवाज एकदम उतरतो. नवे यंत्र, नवा खर्च, काही लागत नाही. उलट डिझेल वाचते.

इथे आकड्यांबद्दल एक इशारा द्यायला हवा. पाण्याखाली १६० डेसिबल आवाज, अशी बातमी कधी वाचनात आली तर तो आकडा विमानाच्या आवाजाशी ताडून पाहू नये. पाण्यात आणि हवेत मोजपट्टीचा आरंभबिंदू वेगळा असतो आणि माध्यमाचा गुणही वेगळा असतो. तेवढीच शक्ती हवेत मोजायची, तर पाण्यातल्या आकड्यातून सुमारे ६२ वजा करावे लागतात. असे आकडे भीतीपोटी फेकले, तर पहिल्याच सुनावणीत कोणी जाणकार ते खोडून काढेल आणि खरा मुद्दा त्यांच्याबरोबर वाहून जाईल.

खरा मुद्दा सिद्ध करण्याजोगा आहे. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर काही दिवस जहाजांची ये-जा घटली. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरातला पाण्याखालचा आवाज सहा डेसिबलने उतरला आणि तिथल्या राइट देवमाशांच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरके कमी झाल्याचे आढळले. कॅनडातच व्हँकुव्हरच्या बंदराने २०१७ पासून हारो सामुद्रधुनीत जहाजांना स्वेच्छेने वेग उतरवायला सांगितले. मोठ्या संख्येने जहाजांनी ते ऐकले आणि आवाज कमी झाला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांच्या पाण्याखालच्या आवाजाबद्दल २०१४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ साली त्या सुधारल्या. त्या मोठ्या व्यापारी जहाजांसाठी आहेत. मालवणच्या छोट्या बोटींसाठी मालवणलाच नियम करावा लागेल.

तो फार मोठा असण्याची गरज नाही. अभयारण्याचा गाभा जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा आहे, पद्मगड आणि भोवतालचे बुडालेले खडक धरून. तेवढ्या पाण्यात आणि स्कूबाच्या प्रत्येक जागेभोवती महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाने आणि वन विभागाने मिळून वेगाची मर्यादा घालावी, तरंगत्या खुणा बांधाव्यात. डॉल्फिनच्या कळपाजवळ एका वेळी एकच बोट, तीही बाजूने, समांतर आणि सावकाश जाईल, समोरून कधीच अडवणार नाही, असे ठरवावे. हे ठरवताना रापणकर, छोटे मच्छीमार आणि होडीवाले यांना आधी बोलवावे. अभयारण्य जाहीर झाले तेव्हा आपल्याला विचारले नाही ही सल इथल्या मच्छीमारांच्या मनात आजही आहे आणि ती रास्त आहे. कागदावर आलेली आणखी एक बंदी ते मानणार नाहीत, मानूही नये. पण वेग उतरवण्यात त्यांचे नुकसान नाही. मासळीला त्रास देणाऱ्या गोंगाटाविषयी त्यांना कोणी शिकवण्याचीही गरज नाही.

आणि मोजमाप हवे. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था शेजारच्या गोव्यातच आहे. पाण्याखालचे आवाज टिपण्याचा तिथल्या शास्त्रज्ञांचा अनुभव मोठा आहे. पद्मगडाजवळ आणि देवबागेसमोर दोन हायड्रोफोन वर्षभर ठेवणे तिला अवघड नाही. मेअखेर किल्ल्याची होडी वाहतूक आणि जलक्रीडा बंद होतात, जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारीही थांबते. त्या दोन महिन्यांत इंजिने गप्प असतात, तेव्हा पाऊस, लाटा, कोळंबी आणि घोळ यांचाच आवाज नोंदला जाईल. मग सप्टेंबरात बोटी सुटल्यावर काय बदलते ते त्याच जागी, त्याच यंत्राने कळेल. त्यासाठी यंत्रे मेच्या आत पाण्यात उतरवावी लागतील, आणि त्यांची परवानगी हिवाळ्यातच मागावी लागेल.